काच बसविताना

जुन्या फियाटची पुढली काच कशाने चिकटवितात, असे एका मित्राने मला विचारले. खरे म्हणजे ती चिकटविलेली नसतेच. ती रबरात बसते. रबराला दोन खाचा असतात. एकीत काच, दुसरीत पत्र्याची कड.

आमचे अण्णा हे काम करतात. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या पद्मिनी मुंबईच्या टॅक्सींतून २०२३ साली बाद झाल्या, तरी हौशी मालकांच्या गाड्या अण्णांकडे अजून येतात.

काम दोघांचे. आधी काचेभोवती रबर चढवायचे, मग बाहेरच्या खाचेत दोरी घालून तिची टोके खाली मधोमध सोडायची. कडेला साबणाचे पाणी लावून काच बाहेरून चौकटीवर टेकवायची. एकाने आत बसून दोरी हळूहळू ओढायची, दुसऱ्याने बाहेरून तळव्याने दाबत जायचे. दोरी निघते तसतसा रबराचा ओठ कडेवर चढतो. शेवटी रबराखाली सीलंट भरायचे.

बारावीच्या सुट्टीत एका निवृत्त गृहस्थांची गाडी आली. खालची कड गंजली होती. "पांढरा पत्रा दिसेस्तोवर घास," असे अण्णांनी बजावले होते. मला क्रिकेटला जायची घाई. वरवर ब्रश फिरवून मी गंजावरच रंग दिला. रबराखाली कोणाला दिसणार? बादलीभर पाणी ओतून पाहिले. थेंब आत आला नाही.

श्रावणात ते गृहस्थ परत आले. गाडीतले पायपुसणे भिजून चिंब! अण्णांनी रबर कापून काच उतरविली. माझा रंग पापडासारखा फुगला होता आणि सीलंट त्याच्याबरोबरच सुटले होते. अण्णांनी माझ्याकडे एकदाच पाहिले. मग त्या गृहस्थांना म्हणाले, "माझंच काम कच्चं राहिलं, साहेब." नवे रबर त्यांनी पदरचे घातले.

ते एक वाक्य मला माराहून लागले. दुपारभर मी कड घासली. संध्याकाळी पाणी ओतले तेव्हा वर्तमानपत्र पसरून मीच आत बसलो होतो. कागद कोरडा राहिला. अण्णा काचेपलीकडून नुसते हसले.

आता ट्यूटोरियल लिहिताना न वाचलेल्या पुस्तकाचे नाव ठोकून द्यावेसे वाटते, तेव्हा ती कड आठवते आणि मी निमूट ग्रंथालयाकडे वळतो.