दिसलं ते आणि वाटलं ते

काश्मीरमध्ये गुरेझ खोऱ्यात हिवाळा लागला की राझदान खिंड बर्फाखाली जाते. साडेअकरा हजार फुटांवरची ही वाट मिटली की खाली बांदीपोऱ्याला गाडीने जाता येत नाही, तेही कित्येक आठवडे. रेशन, केरोसीन, औषधं सगळं आधीच भरून ठेवलेलं असतं. साठा करता येत नाही तो फक्त घरच्या खुशालीचा.

मोबाईल आल्यापासून हा प्रश्न सुटला, असं बाहेरच्यांना वाटतं. आम्ही एनडीएत होतो तेव्हा रविवारी एसटीडी बूथसमोर रांग लावायचो. बाकी सगळं इनलँड लेटरवर. उत्तर उशिरा आलं तर टपालखात्याला दोन शिव्या हासडून मोकळं व्हायचं. आता दोन निळ्या खुणा दिसतात. तिने मेसेज वाचलाय, उत्तर मात्र नाही. टपालखात्यावर ढकलायची सोय गेली.

मी तिथे टूआयसी असताना एक नागपूरचा लेफ्टनंट होता. लग्न ठरलेलं. पोरगा कामाला चोख, पण महिनाभरात जेवण कमी झालं, रात्री झोप नाही. एका संध्याकाळी बुखारीजवळ बसवून विचारलं तेव्हा म्हणाला, "सर, ती बदललीय."

"कशावरून?"

मग बरंच ऐकलं. नीट बोलत नाही, रात्री एक वाजेपर्यंत ऑनलाइन असते, ऑफिसातल्या कुणाशी तरी बोलत असणार, आता लग्न मोडणार.

गस्तीवरून परतलेल्या माणसाचा अहवाल घेताना आम्ही एक पथ्य पाळतो. स्वतः काय पाहिलंस, दुसऱ्या कुणी काय सांगितलं आणि तुझा अंदाज काय, हे तीन वेगळं सांगायचं. पलीकडच्या उतारावर धूर दिसला, हे पाहिलेलं. तिथे माणसं आहेत, हा अंदाज. दोन्हीची सरमिसळ झाली तर पुढचा निर्णय चुकतो आणि त्याची किंमत जवान मोजतो.

मी त्याला कागद दिला. म्हटलं, "तीन रकाने पाड आणि लिही." पहिल्या रकान्यात दोन ओळी आल्या: उत्तरं तुटक, रात्री उशिरापर्यंत ऑनलाइन. दुसरा रकाना कोरा. तिसरा पानभर. तो कागदाकडे बराच वेळ बघत बसला.

"आता पहिल्या रकान्यातलंच तिला विचार. आरोप नको, उलटतपासणी नको. 'तू हल्ली कमी बोलतेस, काही मनात आहे का,' एवढंच. आणि उत्तर ऐकून घे."

त्याने विचारलं. काहीतरी होतं, पण त्याला वाटत होतं ते नव्हतं. लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल, हे तिला आत कुरतडत होतं. तो बर्फात बसलाय, त्याला कशाला ताप, म्हणून ती गप्प होती. खिंड उघडल्यावर तो रजेवर गेला, दोन्ही घरं एकत्र बसली. लग्न वर्षभर पुढे गेलं, पण झालं. तिने नोकरी सोडली नाही. उत्तर आपल्याला हवं तेच येईल, याची हमी नसते. पण खरा प्रश्न कळला तर त्यावर काही करता येतं. मनात रचलेल्या प्रश्नावर काय करणार?

कंपनीतल्या तरण्या पोरांना मी आणखी दोन गोष्टी सांगतो.

पहिली राखीव दलाची. शहाणा कमांडर सगळी माणसं एकाच मोर्चावर लावत नाही. तुमचा सगळा आनंद एका माणसाच्या एका फोनवर टांगलेला असेल, तर तो फोन त्या माणसालाही ओझं होतो. व्हॉलीबॉल खेळा, वाचा, मित्र राखा. तिलाही तिच्या मैत्रिणी आणि तिचं काम असू द्या. तिचा फोन तपासणं, कुठे आहेस म्हणून दर तासाला हजेरी घेणं, याला प्रेम म्हणत नाहीत. पहारा सीमेवर द्यायचा, घरावर नाही.

दुसरी घरी परतण्याची. आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली आणि त्यातली निम्मी मी फील्डमध्ये काढली. शाळेचे प्रवेश, गॅस, सासऱ्यांची बायपास, सगळं बायकोने एकटीने निभावलं. त्यामुळे रजेवर गेलो की पहिला आठवडा मी नुसता बघतो. डबे कुठे ठेवतात, मुलगी किती वाजता झोपते, यावर हुकूम सोडत नाही. त्या घराची सीओ ती आहे. आधी तिच्याकडून परिस्थिती समजून घ्यायची, मग मदतीला हात लावायचा.

हे सगळं करूनही काही नाती टिकत नाहीत. समोरचा माणूस सरळ नाही म्हणाला तर ते नाही मानायचं. त्याच्या मागे लागायचं नाही आणि स्वतःला कमीही लेखायचं नाही. अशा वेळी मन फार खचलं तर पलटणीच्या डॉक्टरशी बोला, सीनियरशी बोला. पाय मुरगळल्यावर आपण एमआय रूममध्ये लाजत नाही जात. रात्रीच्या ड्युटीला हातात भरलेली रायफल असते, आणि शेजारचा तुमच्या भरवशावर झोपलेला असतो. मन कुठे आहे, हे त्याच्यासाठीही वेळेवर सांगायला हवं.