पाळ्यांचा तक्ता

चौदा वर्षे ज्या वॉर्डात पाळ्या केल्या, त्याच वॉर्डाची इन्चार्ज म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा प्रथम बदलली ती हाक. काल 'अगं' म्हणणाऱ्या आज 'मॅडम' म्हणू लागल्या. मी आले की डबा खाण्याच्या खोलीतले बोलणे थांबे. त्यांतली एक सेवेने माझ्याहून ज्येष्ठ. शीर हाती न लागणाऱ्या वृद्ध रुग्णाला सलाईन कसे लावावे, हे तिनेच मला शिकविले होते.

१९७१ साली पतौडींच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाले आणि १९७२-७३ मध्ये तेच पतौडी त्यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडविरुद्ध खेळले. कौतुक वाडेकरांचे होते. मला पतौडींचे अधिक वाटते.

रुग्णालयात अधिकाराची कसोटी लागते ती पाळ्यांच्या तक्त्यावर. झोप, भूक, रक्तदाब यांना दिवसरात्रीचे घड्याळ असते. ते बिघडविणाऱ्या पाळ्यांच्या कामाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली 'बहुधा कर्ककारक' गटात घातले. म्हणून मी क्रम बदलला: सकाळ, दुपार, मग रात्र. पाळी पुढे सरकली तर शरीराला ती त्यामानाने सोसते, मागे ओढली तर जड जाते. रात्रपाळीनंतर पुरेशी झोप झाल्याखेरीज कोणालाही सकाळ द्यायची नाही, हेही ठरविले. यावर कोणी हरकत घेतली नाही.

हरकत आली भाद्रपदात. गौरीजेवणाची सुटी सर्वांनाच हवी असते. आणि अनंत चतुर्दशीची रात्र कोणालाच नको, कारण पुण्याची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात आणि आपल्याला सोडवायला येणारी वेळेवर पोहोचेल याची शाश्वती नसते. कोरा तक्ता मी चहाच्या टेबलावर ठेवला, शेजारी मागील तीन वर्षांची नोंदवही. वही वाचली गेली तसे आवाज खाली आले. दोघींना तिन्ही वर्षे गौरीची सुटी मिळालेली होती. एक माझी जिवलग मैत्रीण. तिला यंदा सुटी नाही, असे मी सर्वांसमक्ष सांगितले. पुढे बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलली.

चतुर्दशीच्या रात्रीपुढे मी माझे नाव लिहिले. ज्येष्ठ सिस्टरांनी पेन घेऊन ते खोडले. "सकाळी डॉक्टरांच्या राउंडला तू हवीस. रात्र मी करते."

त्या सकाळी मी नदीकाठाने चालत रुग्णालयात पोहोचले. त्यांनी ओव्हर दिला: पाच नंबरच्या आजींचा ताप उतरला, दोन सलाईन बदलली, ढोलांमुळे वॉर्डात कोणीही झोपले नाही.