समासातील शेरे

मानसशास्त्राच्या अध्यापकाकडे दिवाळी अंकाचे संपादक कोणत्या अपेक्षेने लेख मागतात, हे मला आता पाठ झाले आहे: मनःशांतीचे उपाय सांगावेत, स्वप्नांचे अर्थ लावावेत, निदान मुलांचे चित्त अभ्यासात कसे लागेल याविषयी पालकांना चार युक्तीच्या गोष्टी कळवाव्यात. लग्नकार्यात ओळख होताच ‘मग आमच्या मनात काय चाललंय ते सांगा पाहू’ असे हसत विचारणारे गृहस्थ आणि हे संपादक यांच्यात मला तत्त्वतः फारसा भेद दिसत नाही. म्हणून यंदा मी कळवले की, ज्या कामात माझे आयुष्य खर्ची पडले त्याविषयी, म्हणजे विद्यार्थ्यांचे निबंध वाचून त्यांच्या समासात शेरे लिहिण्याविषयी लिहू देत असाल तरच लिहीन. आणि त्यांनी, बहुधा पाने भरावयाची असल्यामुळे, रुकार दिला.

निबंध तपासणे म्हणजे तांबड्या शाईने चुका दाखवून शेवटी आकडा घालणे, हा समज पालकांपुरता असता तर माझी हरकत नव्हती. परंतु मानधनाच्या बिलावर सही करणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंतही तो घट्ट रुजला आहे. त्या आकड्याची मातब्बरी किती, याची रुजुवात हार्टॉग आणि ऱ्होड्स यांनी इंग्लंडात 1935 सालीच करून ठेवली. इतिहासाच्या, पूर्वी सारखेच मध्यम गुण मिळालेल्या 15 उत्तरपत्रिका त्यांनी 14 परीक्षकांकडून तपासून घेतल्या आणि वर्ष-दीड वर्ष लोटल्यावर त्याच परीक्षकांपुढे पुन्हा ठेवल्या, तेव्हा अमुक नापास, अमुक उत्तीर्ण, अमुक विशेष योग्यतेचा, असे जे 210 निवाडे झाले होते त्यांपैकी 92 फिरले. कागद तेच, परीक्षक तेच. एवढे ठाऊक असूनही पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही तक्रारखोर म्हणतो.

तेव्हा आकडा डळमळीत, म्हणून शेरा तरी भरवशाचा, असे मानावे तर तेथेही पंचाईत आहे. क्लूगर आणि डेनिसी यांनी 1996 मध्ये या विषयावरील संशोधनातून 607 निष्कर्ष एकत्र करून ताडून पाहिले; सरासरीने अभिप्रायाचा लाभ होतो असे दिसले खरे, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्राय मिळाल्यानंतर काम पूर्वीपेक्षा बिघडले होते. त्यांनी दिलेली उपपत्ती मला मान्य आहे: अभिप्रायाने लक्ष कामावरून उडून स्वतःच्या पात्रतेकडे वळले की हानी होते, आणि ते निंदेनेच वळते असे नव्हे, स्तुतीनेही वळते. ‘तुम्ही अत्यंत बुद्धिमान आहात’ हा शेरा ‘तुम्हाला हा विषय झेपणार नाही’ या शेऱ्याचा सख्खा भाऊ आहे, हे प्रशिक्षणवर्गांत दोन गोड वाक्यांच्या मध्ये एक कडू वाक्य लपवण्याची युक्ती शिकवणाऱ्या तज्ज्ञांना कोणीतरी सांगावयास हवे. कोहेन, स्टील आणि रॉस यांनी 1999 मध्ये दाखवलेला मार्ग याहून सरळ आहे: अपेक्षा उंच ठेवली आहे हे सांगावे, तेथवर तुम्ही पोहोचाल असा विश्वास व्यक्त करावा, आणि मग दोष मोकळेपणाने दाखवावेत.

एक नमुना देतो. ‘वॉटसनने पुढे अल्बर्टची भीती दूर केली’ हे वाक्य दरवर्षी माझ्या हाती येते. वॉटसन आणि रेनर यांनी 1920 साली प्रसिद्ध केलेल्या त्या प्रयोगात पांढरा उंदीर दाखवून पाठीमागे पोलादी सळईवर हातोडा हाणला जाई, आणि पुढे बालक केवळ उंदराला पाहूनच रडू लागे. परंतु अल्बर्ट ज्या रुग्णालयात होता ते त्याने भीती घालवण्याचा प्रयोग होण्यापूर्वीच सोडले. भीती घालवली ती मेरी कव्हर जोन्सने, पीटर नावाच्या दुसऱ्याच मुलाची, सशाच्या बाबतीत, 1924 साली. या दोन हकिगतींची सरमिसळ हातोहात फिरणाऱ्या कुठल्याशा गाइडाने केलेली असावी. येथे ‘चूक’ लिहून मोकळे होता येते; मी ‘ही माहिती मूळ लेखातील की दुसऱ्याने सांगितलेली?’ असे लिहितो. वेळ पाचपट लागतो, आणि बहुसंख्य विद्यार्थी उत्तर देत नाहीत, तरीही लिहितो.

आता माझ्या एका जुन्या वादाकडे वळल्यावाचून मला राहवत नाही. वाचकांनी हा परिच्छेद गाळला तरी तक्रार नाही. रूथ बटलर यांनी इस्रायलमधील पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला आणि 1988 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग असा की, काहींना नुसते गुण दिले, काहींना नुसता लेखी अभिप्राय, आणि काहींना दोन्ही. अभिप्रायवाल्यांची गोडी आणि कामगिरी सरस ठरली यात नवल नाही. नवल हे की, दोन्ही मिळालेली मुले नुसते गुण मिळालेल्यांच्याच पंक्तीस बसली, म्हणजे शेजारी आकडा आला आणि अभिप्राय वाया गेला. माझे सहकारी म्हणतात, ती लहान मुले होती, कामे किरकोळ होती, पदव्युत्तर वर्गाला हा दाखला लागू कसा पडेल? आक्षेप रास्त आहे, आणि प्रौढांवर हाच प्रयोग तंतोतंत करून दाखवा असे कोणी म्हटले तर मी निरुत्तर होईन. पण निबंध हाती पडताच शेवटचे पान उलटून आकडा पाहणारा आणि मधली पाने दप्तरात कोंबणारा एम.ए.चा विद्यार्थी ज्याने पाहिला आहे त्याला अकरा वर्षांचे मूल फार दूरचे वाटत नाही. म्हणून पहिल्या खर्ड्यावर मी गुण घालत नाही. कार्यालयातून अंतर्गत गुणांसाठी स्मरणपत्र येते, मुदत टळत आल्याचा इशारा येतो; मी दुसऱ्या खर्ड्यासाठी आठ दिवस मागून घेतो.

इतर विषयांत निबंध आणि निबंधकार वेगळे राखणे तुलनेने सोपे असावे. भूगोलाच्या निबंधात विद्यार्थ्याचे घर येत नाही. आमच्याकडे ते दार न वाजवता येते. यंदाचे एक प्रकरण मनातून जात नाही. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतो. सेलिगमन आणि मायर यांनी 1967 साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून मांडलेल्या ‘शिकलेल्या असहायते’वर एका विद्यार्थिनीने निबंध लिहिला. स्वतःच्या प्रयत्नाने थांबवता न येणारा विद्युत्-आघात सोसलेला प्राणी पुढे सुटकेची वाट खुली असतानाही पडून राहतो, हे तिने नीट मांडले, आणि पुढे लिहिले की, स्पर्धा परीक्षेत वारंवार अपयश आलेला तिचा भाऊ दुपारपर्यंत अंथरुणातून उठत नाही, जेवणाचे ताट खोलीच्या दाराशी ठेवावे लागते, आणि यावरून हा सिद्धांत सिद्ध होतो.

सिद्ध होत नाही. एका उदाहरणावरून काहीच सिद्ध होत नाही, हे आम्ही पहिल्या सत्रात शिकवतो. शिवाय मायर आणि सेलिगमन यांनीच 2016 साली मूळ मत उलटे केले: दीर्घ आघातापुढची निष्क्रियता शिकावी लागत नाही, ती मेंदूची उपजत प्रतिक्रिया असते, शिकावे लागते ते, परिस्थितीवर आपला ताबा चालतो, हे. परंतु ते ताट डोळ्यांपुढे असता ‘पुरावा अपुरा’ असे समासात लिहिणे मला जमेना. अखेर मी लिहिले: ‘2016 चा लेख वाचा. आपल्या निरीक्षणाला त्यातून दुसरा कोणता अर्थ लागतो?’

दुसरा खर्डा उत्कृष्ट होता. नवी उपपत्ती तिने अचूक पकडली होती, जुन्या प्रयोगांच्या मर्यादा सांगितल्या होत्या, आणि भाऊ निबंधातून नाहीसा झाला होता. निकषांप्रमाणे गुण देणे भागच होते, आणि ते भरघोस दिले. तरी निबंध सुधारला की तिने फक्त माझी मर्जी ओळखली, याचा उलगडा मला झालेला नाही. निबंध परत नेताना तिने विचारले, ‘सर, मग दादाला शिकवायचं काय?’ हा निबंधाचा प्रश्न नव्हे आणि मी उपचारतज्ज्ञ नव्हे, एवढे सांगून मी तिला महाविद्यालयाच्या समुपदेशन केंद्राच्या वेळा लिहून दिल्या. तिने कागद घडी करून वहीत ठेवला, आणि पहिल्या खर्ड्याला किती गुण पडले असते, असे विचारले. मी ते कोठेही मांडलेले नाहीत, असे सांगितले. तिला ते खरे वाटले नसावे.