वंदनेला निघण्यापूर्वी

पहाटेचे दोन-अडीच वाजले की मधुबनातील धर्मशाळांमध्ये दिवे लागू लागतात. हाती काठी, अंगावर शाल आणि मुखी णमोकार मंत्र अशा थाटात यात्रेकरू बाहेर पडतात व काळोखातच सम्मेद शिखरजीची वाट धरतात. झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यातील हा पर्वत सुमारे १,३६५ मीटर उंच असून त्या राज्यातील सर्वांत उंच शिखर होय. चोवीस तीर्थंकरांपैकी वीस तीर्थंकर येथून मोक्षाला गेले. म्हणूनच दिगंबर असो वा श्वेतांबर, आयुष्यात एकदा तरी शिखरजीची वंदना घडावी, ही आस प्रत्येक श्रावकाच्या मनी असते.

ही वंदना सोपी नाही. नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर टोंकांची वंदना आणि नऊ किलोमीटर उतार, अशी सत्तावीस किलोमीटरांची ही वाटचाल. कित्येक जण ती अनवाणी करतात, कित्येक जण उपवास धरून. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. चढताना दम लागतो, पण मन सावध असते. पार्श्वनाथ प्रभूंच्या टोंकेवर दर्शन झाले की मन तृप्त होते आणि देह थकलेला असतो. पाय चुकतो तो बहुधा उतारावर.

बारामतीकडील एका भुसार व्यापाऱ्याच्या घरातील अकरा जण एका हिवाळ्यात शिखरजीला गेले होते. घरातील आजींचे वय चौसष्ट. डोली नको, पायीच वंदना करायची, हा त्यांचा आग्रह होता आणि तो त्यांनी पार पाडलाही. परतीच्या वाटेवर गंधर्व नाल्याच्या अलीकडे एका ओल्या दगडावरून त्यांचा पाय घसरला. डोलीवाल्यांनी त्यांना खाली आणले. मधुबनात प्रथमोपचार झाले आणि रात्री धनबादच्या रुग्णालयात खुब्याचे हाड मोडल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया अटळ होती.

रुग्णालयाच्या ओसरीवर नातवाने धीर देण्यासाठी सांगितले, “आजोबा, काळजी करू नका. तिकिटे काढताना मी विमा घेतला होता.”

“कशाचा विमा, बाळा?” आजोबांनी विचारले.

मोबाइलवर पाहता उत्तर मिळाले. रेल्वेचे ई-तिकीट काढताना प्रत्येक प्रवाशामागे अवघ्या ४५ पैशांत मिळणारा तो विमा होता. तो उपयुक्त आहे यात शंका नाही. रेल्वे अपघातात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख रुपये, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास साडेसात लाख आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी २ लाखांपर्यंत संरक्षण त्यात असते. परंतु ते संरक्षण रेल्वेच्या प्रवासापुरते. पर्वतावर घसरलेल्या पावलाशी त्याचा संबंध नव्हता.

घरचा आरोग्य विमा होता, म्हणून शस्त्रक्रियेचा बहुतांश खर्च भागला. मात्र रुग्णवाहिकेच्या भाड्यापैकी थोडाच भाग त्यातून मिळाला. सोबत थांबलेल्या तिघांचे राहणे-जेवण, वाया गेलेली परतीची तिकिटे, पुढील क्षेत्रांचे रद्द झालेले आरक्षण, आजींना बारामतीपर्यंत सुखरूप आणण्याचा खर्च, हे सारे पेढीच्या रोकडीतून गेले. हंगामाच्या खरेदीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम होती ती. पैशांपेक्षाही आजींना दुसरेच दुःख अधिक बोचले. “माझ्यामुळे सगळ्यांची यात्रा अडली हो,” असे त्या आजोबांना पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

त्याच आठवड्यात लातूरहून त्यांच्या पेढीवर ट्रकभर हरभरा डाळ यायची होती. तिची बिल्टी तयार होती आणि तिचा वाहतूक विमाही उतरवलेला होता. तीस वर्षांत त्या पेढीचा माल विम्याविना रस्त्यावर निघाला नव्हता. गोदामाला आगीचा विमा, दुकानाला चोरीचा विमा, मालाला वाटेतील नुकसानीचा विमा. सोळाशे किलोमीटरांवर निघालेल्या अकरा माणसांचा तेवढा राहून गेला.

असे का होते, याचे एक कारण सरळ आहे. कोणी विचारत नाही म्हणून तो काढला जात नाही. हिऱ्यांच्या व्यापारासाठी अँटवर्पला जाणाऱ्याला शेंगेन व्हिसा हवा असेल, तर किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा दाखवावाच लागतो. तेथे तो निमूटपणे घेतला जातो. देशातील यात्रेला व्हिसा नसतो, म्हणून विमाही नसतो. वास्तविक देशांतर्गत प्रवासासाठीही अशा पॉलिसी मिळतात. अपघात, अपघातानंतरचे उपचार, रुग्णाला योग्य रुग्णालयात हलविणे, प्रवास रद्द होणे किंवा सामान हरवणे, यांपैकी काही वा सर्व बाबी त्यांत असतात. पॉलिसी-पॉलिसीत फरक असतो. काहींत केवळ अपघात असतो, आजारपण नसते. काहींना वयाची मर्यादा असते. प्रवास रद्द झाल्याची भरपाई ठरावीक कारणांसाठीच मिळते. सामान्यतः ही पॉलिसी घरून निघण्यापूर्वीच घ्यावी लागते.

दुसरे कारण मनाचे आहे. शुभ कार्याला निघताना अपघाताची भाषा कशाला, असे वडीलधाऱ्यांना वाटते. जे कर्मात आहे ते टळणार नाही, असेही म्हटले जाते. विम्याने कर्म टळत नाही, हे खरेच. परंतु चालताना जीवरक्षणासाठी भूमी पाहून पाऊल टाकावे, ही ईर्या समिती जैन शासनाने साधूंना सांगितली आहे, आणि श्रावकालाही प्रत्येक कृतीत यतना सांगितली आहे. काठी घेणे ही यतना, पाणी गाळणे ही यतना, तशी सोबतच्या सहधर्मींवर आपला भार पडू नये याची तजवीज ठेवणे हीदेखील यतनाच.

विमा घेताना सत्याचे भान तितकेच हवे. विम्याचा करार परस्परांच्या पूर्ण विश्वासावर उभा असतो. रक्तदाब, मधुमेह, पूर्वीची शस्त्रक्रिया लपवून चार पैसे वाचविले, तर ऐन वेळी दावा नाकारला जाऊ शकतो आणि सत्य अणुव्रताला बाधा येते ती वेगळीच. नामनिर्देशित व्यक्तीचे नाव भरावे. ४५ पैशांच्या विम्यातही ते विमा कंपनीच्या दुव्यावर जाऊन भरावे लागते आणि बहुतेक जण तेथेच थांबतात. पॉलिसीची एक प्रत सोबत व एक घरी ठेवावी. दुर्घटना घडताच कंपनीला कळवावे, बिले आणि डॉक्टरांचे कागद जपावेत. पेढीवर बिल्टी आणि बीजक जपणाऱ्यांना हे नवे सांगायला नको.

आजी आता काठीच्या आधाराने घरात हिंडतात, मंदिरात जातात. पुढल्या वर्षी घरातील मंडळींनी गिरनारला जाण्याचे ठरविले, तेव्हा सुनेने यादी लिहावयास घेतली. पूजेचे साहित्य, गरम कपडे, सुका खाऊ, औषधे. आजी जपमाळ थांबवून म्हणाल्या, “मी येथूनच भावना भावीन. पण सूनबाई, त्या यादीत विम्याचे कागद सर्वांत वर लिही.”