शेजारणीचा कॉटेज पाय

उन्हाळ्याच्या सुटीत धाकट्या बहिणीकडे लेस्टरला गेले होते. दुसऱ्याच दिवशी चिपळूणला अम्मीला फोन लावला. "आज आम्ही पाय करणार आहोत," बहीण म्हणाली. अम्मीने लगेच विचारलं, "तिकडे पाये मिळतात? मग रात्रभर मंद आचेवर ठेव हां!" आम्ही दोघी हसत सुटलो. हा पाय म्हणजे इंग्रजांचा कॉटेज पाय. खाली खिमा, वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर आणि ओव्हनमध्ये खरपूस भाजलेला.

लेस्टर हे मध्य इंग्लंडमधलं शहर. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून घालवून दिलेली अनेक भारतीय कुटुंबं इथे स्थायिक झाली. बहिणीच्या गल्लीत लाल विटांची, भिंतीला भिंत लागलेली घरं आहेत. जवळच्या एव्हिंग्टन रोडवर हलाल मांस सहज मिळतं. शेजारच्या घरात एक इंग्रज आजी राहतात. बहिणीची मुलं त्यांना ग्रॅनी म्हणतात.

बहीण लग्न होऊन आली, त्या हिवाळ्यात आजींनी गरम पायचं भांडं दारात आणून दिलं. मांस हलाल नव्हतं, पण ते सांगायचं धाडस हिला झालं नाही. हसून भांडं घेतलं, दार लावलं आणि पाय कचऱ्यात टाकला. भांडं परत करताना "फार छान झाला होता" असंही म्हणाली. साहजिकच पुढच्या महिन्यात भांडं पुन्हा आलं. दोन हिवाळे असेच गेले.

"आपा, नमाजला उभी राहिले की ते भांडं आठवायचं," ती मला म्हणाली. हराम टाळलं खरं, पण त्यापायी खोटं बोलणं आणि अन्न वाया घालवणं चाललं होतं. शेवटी एक दिवस तिने रडत रडत आजींना सगळं सांगितलं. आजी क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आधी सांगायचंस ना, पोरी! खिमा तुझ्या दुकानातून आण, मी तुझ्या घरी येऊन करते."

त्या दिवशीही आजी आल्या आणि मला शेजारी उभं करून शिकवू लागल्या. अर्धा किलो खिम्याला एक कांदा, दोन गाजरं आणि सेलरीची एक काडी, सगळं बारीक चिरून. हे मऊ परतलं की खिमा घालून तपकिरी होऊ द्यायचा. मग चमचाभर मैदा, दोन चमचे टोमॅटोची पेस्ट, तमालपत्र आणि थोडा रस्सा. काही जण यात वाइन घालतात. आजींनी बहिणीकडे हाडं उकळून काढलेला रस्साच वापरला. वूस्टर सॉसचे चार थेंब पडले. त्या सॉसमध्ये आपली चिंच असते हे ऐकून मला गंमत वाटली.

किलोभर बटाटे थंड, मिठाच्या पाण्यात उकडायला ठेवले. पाणी निथळल्यावर ते दोन मिनिटं कोरडे होऊ दिले आणि लोणी व गरम दूध घालून कुस्करले. "खिमा घट्ट हवा आणि जरा निवलेला हवा, नाहीतर बटाटा आत बुडतो," आजींनी बजावलं. वर काट्याने रेघा ओढल्या, म्हणजे उंचवटे कुरकुरीत होतात. २०० अंशांवर अर्धा तास, की झालं.

हे मूळचं काटकसरीचं खाणं. कॉटेज म्हणजे गरीब मजुराची झोपडी. हे नाव १७९१ पासून लिखाणात सापडतं. रविवारी भाजलेल्या मांसातलं उरलंसुरलं सोमवारी बारीक करून बटाट्याखाली जाई. आज गोमांसाचा तो कॉटेज पाय आणि मेंढीच्या मांसाचा तो शेफर्ड्‌स पाय, असा फरक करतात.

मगरिब नऊच्या सुमारास होती, म्हणून असरनंतरच जेवायला बसलो. मुलांनी मोठ्याने बिस्मिल्लाह म्हटलं. आजी तोवर चमचा हातात धरून थांबल्या होत्या.

चिपळूणला परतल्यावर मी मटण खिम्याचा पाय केला, म्हणजे खरं तर शेफर्ड्‌स पाय. शेजारच्या काकू शाकाहारी आहेत. इतकी वर्षं 'त्या आपल्याकडचं खाणार नाहीत' असं मीच ठरवून टाकलं होतं. यावेळी आधी जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "मटार-गाजराचा कर, भांडं माझं घेऊन जा." काकूंच्या भांड्यातला पाय त्यांच्याच ओव्हनमध्ये भाजला आणि दोघींनी मिळून खाल्ला.