बिबट्याचे डोके आणि मोकळा श्वास

डिसेंबर-जानेवारी आला की आपल्या घराघरांत गॅदरिंगचे वारे वाहू लागते. कुणाला फुलपाखराचे पंख हवे असतात, कुणाला सशाचे कान, कुणाला वाघाचा मुखवटा. बहुतेक आया भाड्याच्या पोशाखांचे दुकान गाठतात आणि एका संध्याकाळपुरते काम भागवतात. आम्हालाही तेच सोपे होते. पण आमच्या घरी एक अडचण होती, आणि त्या अडचणीमुळे आम्ही दोघी जावा आंबिवलीच्या आमच्या स्वयंपाकघरात पंधरा दिवस कटर, पट्टी आणि इस्त्री घेऊन बसलो.

धाकटीच्या मुलाला दमा आहे. तो सहावीत आहे. डोक्यापासून गळ्यापर्यंत येणारा रबरी मुखवटा घातला की दोन मिनिटांत त्याची छाती वाजू लागते. म्हणून आधीची दोन वर्षे त्याला नाटकात झाड केले होते. झाडाला चेहऱ्यावर काही लागत नाही आणि बोलायचेही नसते. यंदाच्या नाटकात गावाजवळ आलेल्या बिबट्याची गोष्ट होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला एका इमारतीत बिबट्या शिरला होता. वनखात्याच्या लोकांनी त्याला पकडले, ती बातमी आमच्या मुलांनी टीव्हीवर डोळे फाडून पाहिली होती. त्यामुळे बिबट्या व्हायला सगळा वर्ग तयार. आमच्या पोराने घरी येऊन एवढेच विचारले, "अम्मी, नाक उघडे ठेवून बिबट्या होता येतो का?"

आम्ही म्हटले, येतो.

कारण तसे करणारे लोक जगात आहेत. १९९७ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'द लायन किंग'चे नाटक आले. त्याच्या दिग्दर्शिका ज्युली टेमर यांनी सिंहांचे मुखवटे नटांच्या तोंडावर न बसवता डोक्यावर बसवले. प्रेक्षकांना वर सिंह दिसतो आणि खाली माणूसही दिसतो. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात सोंगे मुखवटा तोंडावर बांधून नाचतात. हे मुखवटे लाकडाचे असतात किंवा कागदाच्या लगद्याचे. ती कला मोठी आहे, पण ते ओझे पेलायला दणकट छाती लागते. आमच्या मुलाला टोपीसारखे डोक्यावर बसणारे, हलके आणि समोरून मोकळे काहीतरी हवे होते.

हलकेपणासाठी फोम. दुकानात 'फोम शीट' म्हणून जे रंगीत कागदासारखे मिळते, ते इव्हीए, म्हणजे इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट. हवाई चपलेचा आणि बुटाचा तळवाही बऱ्याचदा याचाच असतो. आपल्या स्टेशनजवळच्या स्टेशनरीत दोन मिलिमीटरची शीट मिळते, पण ती लुळी पडते. पाच मिलिमीटरची आणायला थोरली टिटवाळा लोकलने सीएसएमटीला उतरून अब्दुल रहमान स्ट्रीटला गेली. दिवे आणि किरकोळ सामान लॅमिंग्टन रोडवरून घेतले.

आता कृती सांगतो, कारण वाचणाऱ्या बहिणींपैकी कुणाला तरी ती लागेलच.

माप असे घ्यावे. मुलाच्या केसांवर प्लॅस्टिकची पातळ पिशवी किंवा स्वयंपाकघरातली पारदर्शक गुंडाळी फक्त भुवयांच्या वरपर्यंत लावावी. नाकातोंडाच्या जवळ प्लॅस्टिक आणू नये. त्यावर चिकटपट्टीचे तुकडे लावावेत. मग कपाळापासून मानेपर्यंत मधोमध रेघ ओढून, टोपी काढून, त्या रेघेवर कापावी. अर्धा भाग सपाट होत नसेल तिथे शंकरपाळ्यासारखी चीर द्यावी. हा झाला नमुना. एकच बाजू काढायची आणि उलटी करून दुसरी, म्हणजे दोन्ही गाल सारखे येतात. आधी वर्तमानपत्राचे डोके करून पाहिले, मगच फोम कापला. कटरचे पाते नवे हवे. बोथट पाते फोम कुरतडते.

फोमला बाक द्यायला इस्त्री मध्यम गरम करून, मधे बटर पेपर ठेवून काही सेकंद फिरवावी. फोम मऊ पडला की पातेल्याच्या पाठीवर दाबून धरावा. गार झाल्यावर तो तोच आकार धरून बसतो. सांधायला चपला शिवणारे कारागीर वापरतात तेच सोल्युशन. दोन्ही कडांना लावायचे, दहा मिनिटे थांबायचे, बोटाला चिकटेनासे झाले की कडा जुळवायच्या. इथे घाई चालत नाही, कारण एकदा चिकटले की सुटत नाही. त्याचा वास उग्र असतो. म्हणून हे काम आम्ही गच्चीवर केले आणि वास पूर्ण जाईपर्यंत दोन दिवस ते डोके मुलाच्या जवळ आणले नाही. ज्या घरात दम्याचे मूल आहे त्यांनी हे विसरू नये. रंग देण्याआधी फेविकॉलमध्ये पाणी घालून तीन हात दिले, नाहीतर वाकवताना रंगाला भेगा पडतात.

ठिपके काढताना मुलाने आम्हाला शिकवले. बिबट्याच्या पाठीवर गुलाबासारखे पोकळ ठिपके असतात, पण डोक्यावर आणि मानेवर मात्र भरीव आणि लहान. त्याची बाहुली मांजरासारखी उभी चीर नसते, गोल असते. मुलाला सगळे खरे हवे होते.

याच वेळी अम्मींनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, मनातली गोष्ट बोलून दाखवली. "जिवंत प्राण्याचा चेहरा घडवताय, हे बरे आहे का?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. अब्बांनी शांतपणे उत्तर दिले. हजरत आयेशा यांच्या बाहुल्यांमध्ये पंख असलेला एक घोडा होता. पैगंबर साहेबांनी (स.) त्याविषयी विचारले, तेव्हा त्यांनी हजरत सुलैमान यांच्या पंखांच्या घोड्यांची आठवण दिली आणि पैगंबर साहेब हसले. ही हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. उलेमांची मते यात एक नाहीत, हेही अब्बांनी सांगितले. पण मुलांच्या खेळण्यांना अनेकांनी सूट दिली आहे. शेवटी अम्मींनीच तोडगा काढला. खेळ संपला की ते भिंतीवर टांगायचे नाही, मुलांच्या खेळण्यांच्या पेटीत ठेवायचे. दुसऱ्या दिवशी हनुवटीखाली बांधायच्या पट्टीला त्यांनीच मऊ सुती अस्तर शिवून दिले.

दिव्याचे काम अब्बांचे. ते मोहन्याच्या एनआरसीत वायरमन होते. आता हात थोडा कापतो, म्हणून डाग त्यांनी दाखवायचा आणि सोल्डरिंग आम्ही करायचे, असे ठरले. नाणेवजा गोल सेल आणू नका, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले. घरात दीड वर्षांचे बाळ आहे. असा सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका जळू शकते. म्हणून पेन्सिल सेल दोन, मिळून तीन व्होल्ट, स्क्रूने बंद होणाऱ्या डबीत. पिवळे एलईडी चार, प्रत्येक डोळ्यात दोन. पिवळ्या एलईडीला साधारण दोन व्होल्ट लागतात, उरलेला एक व्होल्ट अडवायला प्रत्येकाला शंभर ओहमचा वेगळा रेझिस्टर. एलईडीचा लांब पाय अधिकाचा. प्रत्येक सांध्यावर स्लीव्ह. तारा फोममध्ये आतून खाच करून बसवल्या आणि वर पातळ फोमची पट्टी लावली, म्हणजे केसांना काही टोचत नाही. सेलची डबी मानेकडे ठेवली. पुढे जबड्याचे वजन असते, मागे सेलचे. डोके पुढे झुकत नाही. सगळे मिळून वजन भरले तीनशे दहा ग्रॅम.

"दादा, बिबट्याच्या डोळ्यांत खरेच दिवा असतो का?" मुलाने विचारले. नसतो. त्याच्या डोळ्याच्या पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. बाहेरून आलेला थोडासा उजेडही तो परत फेकतो, म्हणून टॉर्चच्या झोतात डोळे चमकतात. अब्बांनी मग दह्याच्या डब्याचे पांढरे झाकण पॉलिश पेपरने घासून एलईडीच्या पुढे बसवले. उजेड टोचरा न राहता मऊ झाला, आतून येत असल्यासारखा.

गॅदरिंगच्या रात्री रंगमंचावर अंधार झाला आणि दोन पिवळे डोळे हलले, तेव्हा पहिल्या रांगेतली बारकी मुले आयांना बिलगली. त्याची सहा वाक्ये होती. चौथ्यानंतर त्याला धाप लागली. आम्ही दोघी खुर्चीच्या कडेवर आलो. तो न घाबरता पडद्याच्या कडेला गेला, पाठ फिरवली, खिशातला पंप तोंडाला लावला. तोंड उघडेच होते, काही काढावे लागले नाही. डोळे तसेच पेटलेले. लोकांना वाटले बिबट्या दबा धरून बसलाय. मग वळून त्याने उरलेली दोन वाक्ये म्हटली, आधीच्यापेक्षा मोठ्याने. अल्हम्दुलिल्लाह.

आता शेजारच्या इमारतीतल्या एका आईने नमुना मागितला आहे. तिची मुलगी स्कार्फ बांधते आणि तिला घुबड व्हायचे आहे. स्कार्फवरून माप घेतले की झाले, एवढा एक फरक. आमच्या बिबट्याचे सेल काढून ठेवले आहेत, नाहीतर ते गळून तारा खराब होतात. डोके अम्मींच्या सांगण्याप्रमाणे पेटीत आहे. मुलगा मात्र पुढच्या वर्षी कोण व्हायचे, याची यादी करतोय. यादी लांब आहे. तिच्यात झाड नाही.