दिवळीतली धोंड

२०२५ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. गुरुवारी तास संपवून आम्ही कॉलेजच्या पायऱ्या उतरत होतो. माझी एक मैत्रीण म्हणाली, "उद्या सुट्टी! हॅपी गुड फ्रायडे हं!" मी हसून "थँक यू" म्हटले आणि बसस्टँडकडे निघाले.

ज्या दिवशी आमच्या घरी आजी केसांना फणीसुद्धा लावत नाही, दुपारी बारा ते तीन मंदिरात बसून येशूने वधस्तंभावर उच्चारलेल्या सात वचनांवरचे चिंतन ऐकते, त्या दिवसाच्या शुभेच्छा मी मुकाट्याने घेतल्या. दोष मैत्रिणीचा नाही. नाताळचा केक मी दरवर्षी वर्गात आणते. ईस्टरविषयी मात्र मी कधी तोंड उघडलेले नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. घरातले काय बाहेर सांगावे आणि काय सांगू नये, हे मला शिकवणारे कुणी नव्हते. म्हणून मी गप्प राहायला शिकले. आज तेवढे सांगायचे आहे.

आम्ही साताऱ्याचे, आईचे माहेर सांगली. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८४९ साली कायमचे झाले. सांगली-मिरजेकडचे काम प्रेसबिटेरियन मिशनचे, डॉ. वानलेस यांनी मिरजेला रुग्णालय काढले ते १८९४ साली. रेव्हरंड नारायण वामन टिळक आयुष्याच्या अखेरीस साताऱ्याला येऊन राहिले आणि १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' इथेच उभा केला. आमच्या उपासनेत टाळ आणि ढोलकी का, भजने अभंगाच्या चालीवर का, याचे उत्तर मला कॉलेजच्या ग्रंथालयात सापडले. आजीला यातले काही ठाऊक नाही. तिला चंद्र ठाऊक आहे.

कॅलेंडर न बघता ती ईस्टर सांगते. २१ मार्चपासून पुढे येणारी पहिली पुनव धरायची आणि त्या पुनवेनंतरचा रविवार. २०२४ साली होळीच्या पुनवेनंतर ३१ मार्चला ईस्टर आला, २०२५ साली चैत्री पुनवेनंतर २० एप्रिलला. "शिंगणापूरच्या कावडी परतल्या की आपला सण आला म्हणायचं," असे तिचे ढोबळ गणित.

त्याआधीचे चाळीस दिवस उपवासकाळाचे. रोज भात टाकण्याआधी आजी मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात टाकते. ते मंदिरात द्यायचे. याच दिवसांत कांद्याची वाळकी टरफले एका पिशवीत जमू लागतात. शनिवारी त्या टरफलांच्या पाण्यात अंडी उकडायची. अंड्यावर कोथिंबिरीचे पान ठेवून वर जुन्या धोतराची चिंधी करकचून बांधायची. उकडून चिंधी सोडली की विटकरी अंड्यावर पानाची पांढरी नक्षी उठते. हळदीत पिवळी होतात, बिटात गुलाबी. चॉकलेटची अंडी मी पहिल्यांदा मोबाइलवर पाहिली.

पण आमच्या घरचा खरा सण दिवळीतला. मधल्या खोलीच्या भिंतीत एक खोल दिवळी आहे. शुक्रवारी संध्याकाळी आजी तिच्या तोंडाशी डाळ भरडायच्या लहान जात्याची वरची तळी उभी करते. शास्त्रातला शब्द वापरून तिला म्हणायचे 'धोंड'. तळीला मध्ये भोक असते. शनिवारभर आम्ही पोरे त्याला डोळा लावून आत काय आहे ते बघायचो, म्हणून आजीने त्यात फडक्याचा बोळा कोंबायला सुरुवात केली. रविवारी पहाटे दिवा लावून घरातल्या सगळ्यांत लहान मुलाने ती धोंड लोटायची. आत घडी केलेला एक पांढरा रुमाल. बस्स. दुसरे काहीही नाही.

मी पहिल्यांदा लोटली तेव्हा पाच वर्षांची असेन. आत अंडी असतील म्हणून हात घातला आणि भोकाड पसरले. आजी म्हणाली, "अगं, आत काही नाही हाच तर आपला सण!" अंडी नंतर, ती घरभर लपवलेली असत. पिठाच्या डब्यामागे, जास्वंदीच्या कुंडीत, आणि एक हमखास बाबांच्या रंगाच्या रिकाम्या डब्यात.

बाबा रंगारी होते. ईस्टरच्या आदल्या दिवशी ते कामाला जात नसत. रात्री भिजवलेल्या चुन्यात नीळ घालून ते बादली उचलत आणि मला घेऊन कबरस्तानात जात. आमच्या माणसांच्या कबरी रंगवून झाल्या की ज्यांचे कुणी उरले नाही त्यांच्याही रंगवत. मला लहान ब्रश देत. म्हणून पहाटे मेणबत्त्या घेऊन भजन म्हणत सगळे तिकडे निघाले, की मला कधी भीती वाटली नाही. अंधारात पांढऱ्या दिसणाऱ्या कबरी आम्हीच रंगवलेल्या होत्या. एकाने म्हणायचे, "ख्रिस्त उठला आहे!" सगळ्यांनी उत्तर द्यायचे, "खरोखर उठला आहे!" मग फुले वाहून घरी येऊन अंडी शोधायची. आमच्या घरी लहान मुलांना कबरस्तान आणि अंडी एकाच सकाळी मिळत.

२०२१ सालच्या मे महिन्यात बाबा कामासाठी सांगलीला होते. तिथेच आजारी पडले आणि गेले. आम्ही साताऱ्याहून पोहोचेपर्यंत सगळे उरकले होते. कबर सांगलीतच झाली. माझा भाऊ तेव्हा तीन वर्षांचा होता. "बाबा कुठे आहेत?" असे तो विचारी, तेव्हा आई म्हणायची, "सांगलीला." ते खोटेही नव्हते. त्यानंतर आईने त्याला पहाटेच्या फेरीला येऊ दिले नाही. "एवढ्या लहान पोराला कशाला कबरी दाखवायच्या?" म्हणायची. दिवळीतली धोंड तो लोटायचा. तेवढीच मुभा होती.

२०२४ च्या ईस्टरला त्याने धोंड लोटली, रुमाल बघितला आणि सगळ्यांसमोर विचारले, "आजी, बाबांची धोंड कुठे आहे?" आई उठून मोरीत गेली. आजीसुद्धा बोलली नाही. त्याला सगळे कळले होते; फक्त आम्ही त्याच्याशी बोलत नव्हतो.

पुढच्या वर्षी मी आईला म्हणाले, "याला मी सांगलीला नेते." आमचे कडाक्याचे भांडण झाले. "कॉलेजात जातेस म्हणून मला शहाणपण शिकवू नकोस," आई म्हणाली. मी म्हणाले, "हे कॉलेजातलं नाही आई, बाबांचंच आहे." दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने ट्रंकेतून बाबांचा ब्रश काढून माझ्यासमोर ठेवला.

शनिवारी आम्ही तिघे एस.टी.ने सांगलीला मामांकडे गेलो. आजीने अंड्यांचा डबा दिला होता. दुपारी मी आणि भावाने कबर रंगवली. नीळ माझ्याकडून जास्त पडली आणि कबर निळसर दिसू लागली. बाबा असते तर हसले असते. पहाटे आई निघाली नाही. "तुम्ही जा," एवढेच म्हणाली.

दक्षिणेला अर्धा चंद्र होता. भजन संपल्यावर माणसे आपापल्या कबरींशी पांगली. भावाने वाकून वरच्या फरशीला दोन्ही हात लावले आणि जोर केला.

"ताई, ही हलत नाही."

"आपल्याला नाही हलवायची. आजी म्हणते, ती देव लोटतो."

"कधी?"

बायबलमधली वचने मला पाठ आहेत. त्यातले एखादे म्हणता आले असते. पण इतकी वर्षे त्याला गोलगोल उत्तरे देऊन झाली होती. मी म्हणाले, "मला माहीत नाही."

त्याने थोडा विचार केला. डब्यातून कोथिंबिरीच्या नक्षीचे अंडे काढून फरशीवर ठेवले. मग म्हणाला, "दुसरं मी खाऊ का? भूक लागलीय."

मामांच्या दारात आई उभी होती. "रडला का?" तिने विचारले. "नाही. अंडं खाल्लं," मी सांगितले. तिने त्याचे चुन्याने पांढरे झालेले हात बघितले आणि पदराने पुसत बसली. चुना काही निघाला नाही. जरा वेळाने ती म्हणाली, "पुढच्या वर्षी नीळ मी घालीन."

माझ्या मैत्रिणीने हे वाचले तर तिला एवढेच सांगायचे आहे. शुक्रवारी हॅपी म्हणू नकोस, त्या दिवशी नुसती शेजारी बस. रविवारी मात्र जरूर म्हण, आणि सकाळी घरी ये. अंडी शोधायला भाऊ तुला मदत करील. एक रंगाच्या रिकाम्या डब्यात असते.